ग्रामसभेचा ठराव आणि टेकडीवरचे फ्लॅट

गोव्यात ग्रामसभा भरते रविवारी, आणि अलीकडे अनेक गावांत एकच विषय बाकीचे सगळे विषय खाऊन टाकतो: मेगा प्रकल्प. टेकडीवर शेकडो फ्लॅट, खाली गाड्यांची रांग, मध्ये स्विमिंग पूल. लोक हात वर करून विरोधाचा ठराव घेतात, तो इतिवृत्तात जातो आणि टेकडीवर जेसीबी पुन्हा सुरू होतो. २०२४ मध्ये सांकवाळच्या लोकांनी अशा प्रकल्पाविरुद्ध रान उठवले. अशा वेळी एक शेरा हटकून ऐकू येतो: स्वतःचे घर झाले की दुसऱ्याचे नको, ही वृत्ती. शेरा अगदीच निराधार नाही, पण गावाच्या मूळ तक्रारीपर्यंत तो पोचत नाही.

तक्रार सुरू होते पाण्यापासून. इथल्या अनेक टेकड्या जांभ्या दगडाच्या. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी पोटात घेऊन तो पायथ्याच्या झरींना आणि विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरवतो. माथा सपाट करून वर काँक्रीट ओतले की तेच पाणी रस्त्यावरून थेट शेतात लोटते. सांडपाण्याची वाटही त्याच दगडातून. मलनिस्सारण वाहिन्या मुख्यतः पणजी, मडगाव, वास्को अशा शहरांपुरत्या. खेड्यांत सेप्टिक टँक आणि सोकपिट. वाड्यावरच्या वीस घरांचे सांडपाणी जमीन कसेबसे पचवते, तीनशे फ्लॅटांचे कसे पचवेल? बिल्डर आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवतो खरा, पण ते चालवायचा खर्च पुढे सोसायटीच्या गळ्यात पडतो, आणि निम्मे मालक वर्षातून पंधरा दिवस हवापालटाला येणारे असले की वर्गणी भरणार कोण? ही शंका हवेतली नाही: २०११ च्या जनगणनेत गोव्यातली सुमारे एकपंचमांश घरे रिकामी आढळली होती.

दाट वस्तीमुळे जमीन वाचते, हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि मला तो तत्त्वतः मान्यही आहे. तेवढीच कुटुंबे बंगल्यांत राहिली तर अख्खी टेकडी जाईल. पण हे गणित बस, गटार, नळ आणि दवाखाना जवळ असलेल्या ठिकाणी जमते. म्हापशाच्या किंवा मडगावच्या कडेला उंच इमारत उभी राहिली तर तक्रारीला फारशी जागा नाही. प्रत्यक्षात दाटी येते ती खिडकीतून शेत नाहीतर नदी दिसते तिथे. (जाहिरातीत ज्या हिरव्या शेताचा फोटो असतो, त्यावर पुढचा प्रकल्प येणारच नाही याची हमी कोण देतो, हे खरेदीदारानेही विचारावे.)

दाटी कुठे चालेल हे ठरवायचा एक मार्ग गोव्याने शोधला होता. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा शेती आणि डोंगर खुले करतो म्हणून गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर आले आणि २००७ मध्ये तो रद्द झाला. नव्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृती दलात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. मसुदे गावोगावी गेले, लोकांनी नकाशांवर हरकती आणि सूचना दिल्या. पुढे कायद्यालाच वाटा फुटल्या. नगर नियोजन कायद्यात २०१८ मध्ये १६ब, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ अशी कलमे आली आणि एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची सोय झाली. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ३९अ मध्ये हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, पण त्यासाठी गावकऱ्याने सर्व्हे नंबर शोधत राजपत्र वाचत बसायचे! भूखंडागणिक झोन बदलला तर एकूण पाणी, रस्ता, कचरा यांचा हिशेब कुठल्याच टेबलावर मांडला जात नाही.

आंदोलनाचीही एक लंगडी बाजू आहे. ‘दिल्लीवाले नकोत’ ही घोषणा सोपी, पण जमीन विकणारा अनेकदा गावचाच भाटकार, म्हणजे जमीनमालक, असतो. शिवाय भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराच्या नातवाने घर बांधायचे कुठे, यावर बहुतेक ठराव गप्प असतात. किमती त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत, आणि महागड्या फ्लॅटांनी त्याची अडचण सुटत नाही. ग्रामसभांनी विरोधाच्याच ठरावात अशा घरांसाठी गावठाणालगतची जागा सुचवली, तर स्वार्थाचा आरोप आपोआप बोथट होईल. तशी जागा आराखड्यात नोंदवण्याचा अधिकार मात्र नगर नियोजन खात्याचा, आणि पंचायतीने बांधकाम परवाना नाकारला तरी बिल्डरला पंचायत खात्याकडे अपिलात जाता येते.