पाणी उतरल्यावर पाहावा असा मुलूख

सहलीला कुठं जायचं, असं पुण्यात कुणालाही विचारा, उत्तर पश्चिमेचंच येतं. सिंहगड, मुळशी, लोणावळा, ताम्हिणी. पाऊस, धुकं, धबधबा आणि गरम भजी. बारामती-इंदापूरचं नाव काढलं तर समोरचा माणूस थोडा गोंधळतो. "तिकडं ऊस आणि साखर कारखाने. पाहण्यासारखं काय आहे?" असं म्हणतो. बारामती म्हटल्यावर राजकारणाच्या दोन गोष्टी सांगतो आणि विषय पुन्हा लोणावळ्याकडं वळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलखाचं वेळापत्रक वेगळं आहे. सह्याद्रीत पाणी वाढतं तेव्हा जायचं असतं, इथं पाणी उतरायला लागतं तेव्हा. जुलैत आलात तर निराश होऊन परत जाल. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत आलात, तर पुढच्या वर्षी मला सांगावं लागणार नाही.

हा सगळा पर्जन्यछायेचा भाग. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. बारामती तालुक्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, कर्जाचे कागद जाळले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून जे शिकवतात, त्याची सुरुवात इथली. पाठोपाठ १८७६-७७चा मोठा दुष्काळ आला. मग १८८५मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. आज बारामतीच्या आसपास जो हिरवा पट्टा दिसतो तो मुळात या कालव्याचा. कालव्याच्या खाली ऊस आणि वर माळरान, अशी इथली साधी विभागणी आहे. प्रवास करताना खिडकीतून पाहिलंत तर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे देश दिसतात.

आधी माळरान पाहू. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं चौफुल्याला उजवीकडं वळलं की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ साली ते घोषित झालं. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्य या शब्दानं डोळ्यांपुढं जे घनदाट चित्र येतं ते विसरूनच आत जा. बाभळी, खुरटी झुडपं आणि गवत. पण सकाळी लवकर किंवा ऊन कललं की त्या गवतात चिंकारा दिसतो. बदामी रंगाचं, उभ्या शिंगांचं हे हरीण. नराची शिंगं मोठी, मादीचीही असतात पण बारीक. झाडपाल्यातून मिळणाऱ्या ओलाव्यावर ते बराच काळ काढू शकतं, म्हणून तर या कोरड्या मुलखात टिकलं. जमिनीलगत पाहण्याची सवय केलीत तर चंडोल आणि धाविक दिसतील, हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या ससाणे दिसतील.

माळाला सरकारी दप्तरात बराच काळ 'पडीक' म्हटलं गेलं. पडीक म्हणजे कुणाच्याच कामाचं नाही, मग तिथं झाडं लावा, खड्डे घ्या, कचरा टाका. खरं तर गवताळ माळ हे स्वतंत्र निसर्गाचं घर आहे. इथं लांडगा राहतो, खोकड राहतं, तरस राहतं. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा हा चराऊ मुलूख आहे. लांडग्यानं एखादं कोकरू उचललं तर "त्याचा वाटा त्यानं नेला" असं म्हणणारे म्हातारे धनगर मला भेटलेले आहेत. सगळेच तसं म्हणतात असं नाही, म्हणावं असा आग्रहही आपण शहरात बसून धरू नये.

२०२४ साली वनविभागानं इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आधी नोंदणी करायची, गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा, ठरलेल्या वाटेनंच गाडी न्यायची. ही सोय होण्याआधी लोक वाटेल तिकडून गाड्या घालत, लांडग्याच्या मागं पळवत. आता निदान विचारायला कुणी आहे. एक विनंती मात्र करतो. डबा खाल्ल्यावर उरलेलं अन्न माळावर टाकू नका. "पाखरं खातील" असं आपल्याला वाटतं, पण खातात ती भटकी कुत्री. कुत्री वाढली की त्यांचे रोग लांडग्याला लागतात, आणि पुण्याजवळ कुत्रा-लांडगा संकराचीही नोंद झालेली आहे. उरलेली पोळी पिशवीत घालून परत आणणं एवढं अवघड नाही.

सुप्याहून मोरगाव जवळच आहे. अष्टविनायकातला पहिला गणपती म्हणून लोक येतात, दर्शन घेतात आणि लगेच पुढच्या गणपतीला पळतात. थोडं थांबून देवळाचं बाहेरून रूप पाहा. उंच तट आणि चार कोपऱ्यांवर मिनारासारखे मनोरे. गणपतीसमोर नंदी बसलेला. बाजूनं कऱ्हा वाहते, म्हणजे वाहायला पाणी असलं तर. हीच कऱ्हा पुढं बारामतीला जाते. तिथं नदीकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईकांच्या आश्रयानं कवी मोरोपंत बारामतीला राहिले. जन्म पन्हाळ्याचा, १७२९चा, पण उभं आयुष्य बारामतीत गेलं आणि १७९४मध्ये देहही इथंच ठेवला. शाळेत 'केकावली'नं घाम फोडला असेल त्यांनी त्या काठावर पाच मिनिटं उभं राहावं. केका म्हणजे मोराचा आर्त स्वर, हे तिथं जास्त पटतं.

आता भिगवणकडं येतो. खरं बोलायचं ते या पाण्याबद्दलच.

भीमेवर उजनीचं धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. धरण सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत अशा चार तालुक्यांत पसरला. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा 'मृत', म्हणजे धरणाच्या नेहमीच्या दारांतून सोडता येत नाही असा. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी उणे वीस टक्के' असा मथळा येतो आणि लहान मुलं विचारतात, पाणी उणे कसं असेल? उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी घटायला लागलं की आकडा शून्याच्या खाली जातो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता.

पाणी उतरलं की काठ उघडा पडतो. गावकरी त्या ओल्या गाळात पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. आणि जिथं गुडघाभर पाणी आणि चिखल उरतो, तिथं रोहित पक्षी उतरतात. यांनाच अग्निपंख म्हणतात, शहरात फ्लेमिंगो. चोच उलटी करून चिखलपाण्यातून बारीक जीव गाळून खायचे, ही त्यांची रीत. खोल पाण्यात ते साधत नाही. म्हणून धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात. मागच्या वर्षी डिसेंबरात दिसले म्हणून यंदाही त्याच तारखेला जाल आणि "फसलो" म्हणाल. निघण्याआधी उजनीची टक्केवारी पाहा, कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून विचारा. हे नावाडी बहुतेक मासेमार घरांतले. जाळं टाकता टाकता पक्षी ओळखायला शिकले. चक्रवाक कुठं, मासे पकडणारी कैकर कुठल्या खांबावर बसते, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस सकाळी कोणत्या शेतात चरतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. पहाटे सहाला होडीत बसायची तयारी ठेवा. नऊनंतर ऊन, वारा आणि गर्दी तिन्ही वाढतात. आणि जवळून फोटो हवा म्हणून थवा उडवायला सांगू नका. समजदार नावाडी ते ऐकत नाही, पण जास्त पैसे दाखवले की कुणाचाही धीर सुटतो.

जवळच भादलवाडीचा तलाव आहे. तिथल्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात. होडी लागत नाही, काठावरून दिसतं. झाडाखाली पाणी असेल तोवर पिलं सुरक्षित, म्हणून तलावात पाणी राहणं हा तिथं जिवाचा प्रश्न आहे.

या जलाशयाखाली गावं आहेत. पळसदेव त्यातलंच. गाव उठून सोलापूर रस्त्यालगत वसलं, जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात राहिलं. पाणी घटलं की आधी विटांचं शिखर दिसायला लागतं, फार घटलं तर दगडी मंडप, वीरगळ, शिल्पं सगळं मोकळं होतं. २०२४ला असं झालं आणि रीघ लागली. मीही गेलो होतो. तरुण मुलं शिखराला टेकून फोटो काढत होती आणि थोड्या अंतरावर एक आजोबा काठीनं चिखलात रेघ ओढून नातवाला सांगत होते, इथं आपला उंबरा, इथं गोठा, तिकडं पेठ. नातू ऐकत होता की नाही कोण जाणे. आपण त्याला पर्यटनस्थळ म्हणतो, धरणग्रस्तांच्या दृष्टीनं ते घर आहे. चार दशकं भिजलेल्या त्या विटांवर चढू नये, एवढं तर पाळता येईल.

पाण्यानं रस्तेही तोडले. इंदापूर आणि करमाळा हे समोरासमोरचे काठ, पण गाडीनं वळसा मोठा, म्हणून लोक होडीनं जातात. २१ मे २०२४ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण गेले. ते सहलीला नव्हते, रोजच्यासारखे पलीकडं निघाले होते. तेव्हा होडीत बसताना आधी जीवरक्षक जाकीट मागा, नसेल तर उतरा. वळवाचे ढग दिसले तर पैसे गेले तरी चालतील, काठावर थांबा.

या पाण्याला हिरवट रंग आणि वास येतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथंच येतं. पक्षी पाहायला येणारे आपण पुणेकर, आपलंच पाणी आपल्या आधी इथं पोहोचलेलं असतं. तरीही भिगवणची मच्छी खाल्ल्याशिवाय कुणी परतत नाही. रोहू, कटला आणि चिलापी मिळते. चिलापीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी मागा.

वेळ उरला तर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूरला जा. नीरा आणि भीमा तिथं भेटतात. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, नदीकडं उतरणाऱ्या पायऱ्या, दुपारी घाटावर शुकशुकाट. अनेक घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळं पंक्तीचं जेवण एखाद्या वेळी अचानक मिळून जातं. नृसिंह जयंतीला मात्र पाय ठेवायला जागा नसते. उजनी इथून वरच्या अंगाला, तसंच नीरेवरचं वीर धरणही. तेव्हा पात्रात उतरण्याआधी घाटावरच्या कुणालाही विचारून घ्या, आज वरून पाणी सोडलंय का.