नॅनो युरिया : आपल्याला कोणी विचारलं?

२०२१ साली इफकोचा नॅनो युरिया बाजारात आला. अर्ध्या लिटरची बाटली ४५ किलोच्या गोणीचं काम करते, असं आपल्याला सांगितलं गेलं. नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म. केसाच्या जाडीत असे हजारो कण मावतात.

आम्ही गटात हिशेब मांडला. गोणीत नत्र सुमारे २० किलो, त्या पहिल्या बाटलीत जेमतेम २० ग्रॅम! नंतर जास्त नत्राची बाटली आली, तीही गोणीच्या जवळपास नाही. पानावर फवारलेलं वाया जात नाही, असं कंपनीचं म्हणणं. पण पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात नेहमीचा युरिया कमी करून हा फवारला, तेव्हा भात आणि गव्हाचं उत्पादन घटलं.

इंग्लंडात २००५ साली हॅलिफॅक्स गावात ग्रीनपीस संस्था, गार्डियन वर्तमानपत्र आणि केंब्रिज, न्यूकॅसल विद्यापीठांनी मिळून वीसेक साध्या माणसांची पंचायत बसवली. तिला नाव दिलं नॅनोज्युरी. त्यांनी तज्ज्ञांना प्रश्न विचारले आणि सांगितलं, नॅनो कण असलेल्या वस्तूवर साध्या भाषेत तसं लिहा.

आपले बचत गट हेच करू शकतात. फवारणीचं पाणी आपणच वाहतो, ते कपडेही आपणच धुतो. ग्रामसभेत सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा : आपल्या जिल्ह्यात चाचणी झाली का? बाटलीवरची माहिती मराठीत आहे का? एकाच शेतात दोन पट्टे पाडा, माल वेगळा मोजा, वहीत लिहा. आणि युरियासोबत बाटली घ्यावीच लागेल असं दुकानदार म्हणाला, तर पक्की पावती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे गटाच्या नावानं लेखी तक्रार द्या.