सिंपल डायरेक्टमीडिया लेयर

सिंपल डायरेक्टमीडिया लेयर (संक्षेपाने एसडीएल) ही संगणकाच्या पडद्यावर चित्र काढणे, ध्वनी वाजवणे आणि कळफलक, माउस, जॉयस्टिक यांच्याकडून सूचना स्वीकारणे या कामांसाठी वापरली जाणारी मुक्त स्रोत लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता याव्यात म्हणून आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलींचा संग्रह. एसडीएल सी भाषेत लिहिलेली असून विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयओएस या संचालन प्रणालींवर चालते. संगणकीय खेळ हे तिचे मुख्य क्षेत्र असले, तरी चित्र आणि ध्वनी यांचे प्रोग्रामिंग शिकण्यासाठीही तिचा वापर होतो. पडदा आणि स्पीकर यांच्यापर्यंतची वाट ही लायब्ररी मोकळी करून देते. वेळ सांभाळण्याची जबाबदारी मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याकडेच राहते. ही जबाबदारी समजणे हाच या अभ्यासाचा गाभा होय.

गरज

खिडकी उघडण्याची, तीत रंग भरण्याची आणि स्पीकरकडे ध्वनी पाठवण्याची रीत प्रत्येक संचालन प्रणालीत निराळी असते. विंडोजवर डायरेक्ट थ्रीडी, मॅकओएसवर मेटल, तर लिनक्सवर एक्स११ किंवा वेलँड या यंत्रणांशी व्यवहार करावा लागतो. त्यामुळे एकाच खेळाचा हा भाग प्रत्येक प्रणालीसाठी नव्याने लिहावा लागला असता. एसडीएल या यंत्रणा आणि प्रोग्राम यांच्यामध्ये दुभाष्यासारखी उभी राहते. प्रोग्रामाने तिच्याकडे खिडकी मागायची. ती कशी उघडायची हे एसडीएल त्या त्या प्रणालीनुसार ठरवते.

इतिहास

एसडीएलचे मूळ लेखक सॅम लँटिंगा होत. लायब्ररीची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. लँटिंगा यांनी लोकी सॉफ्टवेअर या कंपनीत काम केले. विंडोजसाठी तयार झालेले खेळ लिनक्सवर आणणे हा या कंपनीचा व्यवसाय होता. कंपनी २००२ मध्ये बंद पडली, परंतु एसडीएलचा स्रोत सर्वांसाठी खुला असल्यामुळे लायब्ररीचे काम थांबले नाही.

१.२ या आवृत्तीपर्यंत एसडीएल एलजीपीएल परवान्याखाली उपलब्ध होती. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून तिला अधिक सैल असा झेडलिब परवाना लागू झाला. त्यानुसार ही लायब्ररी स्रोत खुला नसलेल्या व्यावसायिक प्रोग्रामातही विनामूल्य समाविष्ट करता येते. मात्र तिचे कर्तृत्व स्वतःचे म्हणून सांगता येत नाही आणि तीत बदल केल्यास तसे स्पष्ट करावे लागते. तिसऱ्या पिढीची पहिली स्थिर आवृत्ती, ३.२.०, जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉसबॉक्स, स्कमव्हीएम आणि बॅटल फॉर वेसनॉथ ही एसडीएल वापरणाऱ्या प्रोग्रामांची काही परिचित उदाहरणे आहेत. पायथन भाषेतील पायगेम ही २००० मध्ये सुरू झालेली लायब्ररीही एसडीएलवरच आधारलेली आहे.

मुख्य आवर्तन

गणिताचे उदाहरण सोडवणारा साधा प्रोग्राम वरून खाली वाचत जातो आणि उत्तर देऊन संपतो. चित्र व ध्वनी यांचा प्रोग्राम असा संपत नाही. खिडकी उघडी असेपर्यंत तो तीन कामे पुनःपुन्हा करीत राहतो: घडलेल्या घटना तपासणे, त्यानुसार स्थिती बदलणे आणि नवे चित्र काढणे. या फेऱ्यांना मुख्य आवर्तन म्हणतात.

कळ दाबली, माउस हलवला किंवा खिडकी बंद करण्याचे बटण दाबले, की त्या घटनेची नोंद एका रांगेत होते. प्रोग्रामाने ही रांग प्रत्येक फेरीत रिकामी करणे आवश्यक असते. तसे न केल्यास चित्र नीट निघत असूनही प्रोग्राम प्रतिसाद देत नाही, असे संचालन प्रणाली ठरवते. नवशिक्यांच्या पहिल्या प्रोग्रामाची खिडकी गोठून जाते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

चित्र

पडदा हा रंगीत ठिपक्यांचा आलेख असतो. शाळेतील आलेखात आरंभबिंदू खाली डावीकडे धरून वरच्या दिशेने मोजण्याची सवय असते. एसडीएलमध्ये मात्र आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि दुसरा निर्देशक खालच्या दिशेने वाढतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांनी ठरतो. प्रत्येक घटकाला ० ते २५५ यांपैकी किंमत दिल्यास एकूण १,६७,७७,२१६ रंग मिळतात. पारदर्शकता दाखवण्यासाठी चौथा घटक वापरतात.

१९२० × १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकासाठी चार बाइट धरल्यास एका चित्रासाठी ८२,९४,४०० बाइट लागतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर हा आकडा ४९ कोटींच्या पुढे जातो. म्हणूनच एसडीएल हे काम शक्य तेथे चित्रप्रक्रियेसाठी असलेल्या स्वतंत्र प्रक्रियकाकडे, म्हणजे जीपीयूकडे, सोपवते.

चित्र काढले जात असताना ते प्रेक्षकाला अर्धवट दिसू नये, यासाठी दोन पृष्ठांची योजना असते. वर्गात दोन फळे असावेत, एक विद्यार्थ्यांसमोर राहावा आणि दुसऱ्यावर मागच्या बाजूला पुढील आकृती काढून पूर्ण होताच फळ्यांची अदलाबदल व्हावी, तसा हा प्रकार आहे. मागील पृष्ठावर काढलेले चित्र अदलाबदलीची आज्ञा दिल्याशिवाय दिसत नाही. ही आज्ञा विसरल्यास सारे काही बरोबर लिहूनही पडदा रिकामाच राहतो.

गती आणि काळ

एक चौकोन प्रत्येक फेरीत तीन ठिपके उजवीकडे सरकवला, तर सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर तो सेकंदाला १८० ठिपके अंतर कापतो. चित्रांची अदलाबदल पडद्याच्या वेगाशी जुळवलेली असेल, तर १४४ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर हाच चौकोन ४३२ ठिपके धावतो. प्रोग्राम तोच, पण खेळ निराळा! यावर उपाय म्हणजे गती फेरीमागे न ठरवता सेकंदामागे ठरवणे. मागील फेरीपासून किती वेळ गेला हे एसडीएलच्या घड्याळावरून काढून त्या वेळेने गतीला गुणावे. खिडकी ओढताना वगैरे एखादी फेरी दोन सेकंद अडली, तर वस्तू एकदम दूर उडी घेते आणि भिंतही ओलांडून जाते. म्हणून मोजलेल्या वेळेवर कमाल मर्यादा घालतात.

ध्वनी

संगणकात ध्वनी हा संख्यांच्या मालिकेच्या रूपात असतो. तरंगाची उंची ठरावीक अंतराने मोजून या संख्या, म्हणजे नमुने, मिळवतात. सेकंदाला ४४,१०० नमुने हे एक प्रचलित प्रमाण आहे. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात आणि नमुन्यांची संख्या त्याच्या दुपटीहून अधिक असावी लागते, हे त्यामागचे कारण होय.

पहिला प्रयोग म्हणून एखादा स्वर सूत्राने तयार करता येतो. षड्ज २४० हर्ट्झचा धरला, तर पंचम ३६० आणि तार षड्ज ४८० हर्ट्झचा येतो. २४० हर्ट्झच्या एका तरंगासाठी १८३.७५ नमुने लागतात. ही संख्या पूर्णांक नसल्यामुळे नमुन्यांचा एक गट संपतो तेव्हा तरंग बहुधा अर्ध्यावर असतो. पुढील गटात तो शून्यापासून पुन्हा सुरू केला, तर दर सांध्याला खट्ट असा आवाज येतो. म्हणून तरंग कोठपर्यंत आला होता हे लक्षात ठेवावे लागते.

स्पीकरकडे जाणारे नमुने बफर नावाच्या साठ्यात ठेवतात. बफर हा घरातील पाण्याच्या टाकीसारखा असतो: टाकी अधूनमधून भरली जाते, पण नळ सतत चालू असतो. टाकी रिकामी झाली की आवाज तुटतो. टाकी फार मोठी ठेवली, तर नव्याने ओतलेले पाणी नळापर्यंत उशिरा पोहोचते. १,०२४ नमुन्यांच्या बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंद विलंब होतो, तर ४,०९६ नमुन्यांच्या बफरमुळे सुमारे ९३ मिलिसेकंद. कळ दाबल्यावर वाजणाऱ्या वाद्याच्या प्रोग्रामात हा दुसरा विलंब सहज जाणवतो.

चित्र आणि ध्वनी यांतील महत्त्वाचा फरक येथे दिसतो. सेकंदातील ६० चित्रांपैकी एक उशिरा आले, तर डोळ्याला ते क्वचितच कळते. ध्वनीतील लहानशी खंडताही कानाला खटकते. त्यामुळे एसडीएल ध्वनीचे काम मुख्य आवर्तनाशी न बांधता स्वतंत्र धाग्यात चालवते. या धाग्यात नमुने पुरवणाऱ्या फंक्शनने फाइल वाचण्यासारखे वेळखाऊ काम करू नये, हा नियम त्यातूनच आला आहे.

देवनागरी मजकूर

अक्षरे दाखवण्यासाठी एसडीएल_टीटीएफ ही जोड लायब्ररी वापरतात. मराठीच्या बाबतीत येथे एक खरी अडचण उद्भवते. ‘शिक्षक’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा संकेतांनी साठवला जातो: श, ऱ्हस्व इकार, क, हलन्त, ष आणि क. इकार साठवणीत श नंतर येतो, पण दिसताना त्याच्या डावीकडे दिसावा लागतो. क, हलन्त आणि ष मिळून क्ष व्हावा लागतो. हे रूपांतर करणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीच्या आधाराविना बांधलेली एसडीएल_टीटीएफ वापरल्यास वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षर फुटते. फाँट बदलून हा दोष जात नाही. म्हणून मराठी मजकूर असलेल्या प्रोग्रामासाठी हार्फबझसह बांधलेली आवृत्ती घ्यावी लागते.

शिकण्याचा क्रम

प्रथम खिडकी उघडून ती योग्य रीतीने बंद करणे, मग रंग भरणे, चौकोन काढणे, तो कळफलकाने हलवणे, त्याची गती काळाशी बांधणे, त्यानंतर सूत्राने स्वर तयार करणे आणि शेवटी फाइलमधील चित्रे व ध्वनी वापरणे असा क्रम सोयीचा ठरतो. शेवटच्या पायरीसाठी एसडीएल_इमेज आणि एसडीएल_मिक्सर या जोड लायब्ररी आहेत. प्रत्येक आज्ञा यशस्वी झाली की नाही हे तपासण्याची सवय आरंभापासून लावणे हिताचे असते.

पाठ निवडताना आवृत्ती पाहणे आवश्यक आहे. दुसऱ्या पिढीतील अनेक फंक्शने यश दर्शवण्यासाठी शून्य परत करीत. तिसऱ्या पिढीत ती यशस्वी झाल्यास ‘सत्य’ परत करतात. त्यामुळे जुन्या पाठातील तपासणी जशीच्या तशी उतरवली, तर तिचा अर्थ उलटा होऊ शकतो.

मर्यादा

एसडीएल हे खेळ तयार करण्याचे संपूर्ण इंजिन नाही. वस्तूंचे वजन, गुरुत्वाकर्षण किंवा टकरीनंतरची हालचाल यांची गणिते ती करीत नाही. मूळ लायब्ररीत रेषा आणि चौकोन काढण्याची सोय आहे, परंतु वर्तुळ काढण्याची तयार आज्ञा नाही. ते भूमितीच्या सूत्राने काढावे लागते. लवकर खेळ तयार करू इच्छिणाऱ्यास ही उणीव वाटते. पडद्यावरील वर्तुळ कसे तयार होते हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्यास मात्र वर्गात शिकलेले सूत्र उपयोगात आणण्याची संधी येथे मिळते.