हातातली काठी कुठे थांबवायची?

मे महिन्याची सुट्टी लागली की कॉलनीकॉलनीतून एकच ओरड सुरू होते. पोरं कंपाउंडच्या भिंतीवरून उड्या मारतात, कैऱ्या पाडतात, ऐन दुपारी बेल वाजवून पळून जातात, उभ्या स्कूटरची हवा सोडतात. आपण गॅलरीतून चार शब्द सुनावतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण काही प्रकार हसण्यावारी नेण्यासारखे नसतात. बंद घराच्या खिडकीचे गज वाकवणं, मागच्या दारची पाण्याची मोटर लांबवणं, रात्री एकट्या बाईच्या दारावर थापा मारणं. यात हात असतो तो पुष्कळदा पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचाच.

मग एखादे दिवशी त्यातलं एक पोर सापडतं. बघता बघता गर्दी जमते. कुणी दोन ठेवून देतो, कुणी दोरी आणतो, कुणी म्हणतो, ‘‘बांधा खांबाला!’’ आणि मैत्रिणींनो, ‘‘चांगली अद्दल घडवा मेल्याला,’’ हा आवाज कधी कधी आपल्याच गॅलरीतून येतो. अशा मारहाणीत पोर दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा हातात बेड्या पडतात त्या तुमच्याआमच्यासारख्या घरसंसारी माणसांच्या. म्हणूनच काठी कधी उचलायची आणि कुठे थांबवायची, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक हवं.

बचावाचा हक्क पक्का आहे

आधी धीर देणारी गोष्ट सांगते. आपला जीव आणि आपलं घर राखण्याचा हक्क कायद्यानं प्रत्येकाला दिलेला आहे. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३४ ते ४४ मध्ये तसाच आहे. स्वतःचाच नव्हे, शेजारणीचा जीव आणि तिची चीजवस्तू राखायलाही तुम्ही धावून जाऊ शकता.

समोरचा वयानं लहान आहे, वेडसर आहे किंवा दारू प्यालेला आहे, म्हणून हा हक्क कमी होत नाही. सोळा वर्षांचा पोरगा सुरा घेऊन अंगावर आला, तर त्याचं वय विचारत बसायचं कारण नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घरफोडी करत असेल, जबरी चोरी करत असेल, राहत्या घराला आग लावत असेल, किंवा घरात शिरलेला माणूस जीव घेईल अशी रास्त भीती वाटत असेल, तर बचाव करताना समोरचा प्राणाला मुकला तरी कायदा बचाव करणाऱ्याच्या बाजूनं उभा राहू शकतो. भेदरलेल्या माणसाचा प्रत्येक घाव सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असं न्यायालयांनीही वेळोवेळी म्हटलेलं आहे.

पण त्या हक्काला कुंपण आहे

हे कुंपण कलम ३७ मध्ये आहे. पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा हक्क उरत नाही. आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर, धोका आहे तोवर बचाव. धोका संपला की बचावही संपला. पोरगा कडी तोडून आत येतोय, तेव्हा तुम्ही लाटणं हाणलंत, तर तो बचाव. तोच पोरगा हातातली वस्तू टाकून कोपऱ्यात बसलाय, ‘‘काकू, सोडा, पुन्हा नाही करणार,’’ म्हणतोय, आणि तुम्ही लाटणं हाणलंत, तर ती शिक्षा झाली. लाटणं तेच आणि हातही तोच. पण शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा, आपला नाही. बागेत कैऱ्या पाडायला आलेल्या पोराच्या डोक्यात दगड घालणंही बचावात बसत नाही. तिथे धोका कैऱ्यांना होता, आपल्या जिवाला नव्हता.

इंग्लंडातला एक खटला

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडात नॉरफोक परगण्यात टोनी मार्टिन नावाचा शेतकरी एका आडबाजूच्या घरात एकटा राहत असे. आपल्याकडे वारंवार चोऱ्या होतात आणि पोलीस लक्ष देत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. २० ऑगस्ट १९९९ च्या रात्री दोघे चोर घरात शिरले. त्यानं अंधारात बंदूक झाडली. तिचा परवानाही त्याच्याकडे नव्हता. दोघांपैकी एकजण अवघा सोळा वर्षांचा होता. त्याच्या पाठीत छर्रे घुसले आणि तो मेला.

सगळा देश दोन तट पडून भांडला. ‘घर त्याचं, चोर कशाला गेले?’ असं म्हणणारे लाखो निघाले. पण २००० साली ज्यूरीनं मार्टिनला खुनाबद्दल दोषी धरलं आणि त्याला जन्मठेप झाली. २००१ साली अपिलात त्याच्या मानसिक स्थितीचा विचार होऊन खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर आला आणि शिक्षा पाच वर्षांची झाली. २००३ साली तो सुटला. त्याची भीती खोटी होती असं कुणी म्हणणार नाही. पण एका पोराचा जीव गेला आणि घर राखणाराच तुरुंगात गेला.

तार लावून घर राखणं

‘‘आम्ही कुणाला मारत नाही, नुसती कुंपणात वीज सोडून ठेवतो,’’ असं कुणी म्हणत असेल, तर त्यांना बिहारमधला एक खटला जरूर सांगा. शेजारच्यांच्या संडासाची भिंत पडली, म्हणून घरातली माणसं एका गृहस्थाचा संडास वापरू लागली. ती येऊ नयेत म्हणून त्यानं वाटेवर विजेची उघडी तार लावली. धोक्याची सूचना कुठेच नाही. शेजारची बाई गेली, तिचा हात तारेला लागला आणि ती जागच्या जागी गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६३ साली न्यायालयानं सांगितलं, की परवानगीवाचून आलेल्या माणसासाठीसुद्धा असा सापळा लावता येत नाही, हा मालमत्तेचा बचाव नव्हे. त्या गृहस्थाची शिक्षा कायम राहिली. चोरासाठी लावलेली तार समोर कोण आलंय ते पाहत नाही. दूधवाला, चेंडू आणायला आलेलं पोर, आपली कामवाली, कुणीही तिला सारखंच.

पोर सापडलं तर

गंभीर गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडला, तर आपण माणसाला धरून ठेवू शकतो. पण त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायला हवं. म्हणून आधी ११२ नंबर फिरवा. पोराला बसवा, पाणी द्या, गर्दी हटवा. नाव-पत्ता विचारा आणि त्याच्या आईबापांना बोलवा.

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी स्त्री असावीच लागते. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायदा गुन्हाच मानत नाही. ‘‘मग काय, पोरं सुटतातच!’’ असं वाटेल. पण तसं नाही. समज देणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, पालकांना दंड, इथपासून तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवण्यापर्यंत मंडळ आदेश देऊ शकतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिशय घोर गुन्हा केला असेल, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटलाही चालू शकतो.

आणि एक महत्त्वाचं. सीसीटीव्हीतला त्याचा फोटो नावानिशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तपासात असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांना ती फीत जरूर द्या. शिवाय तोंडावळ्यातलं साम्य फसवं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला कितीसा वेळ लागतो?

घरच्या घरी एवढं करा

– मुख्य दाराला आतून साखळी आणि भोक असलेलं भिंग बसवून घ्या. ओळख पटल्याशिवाय साखळी काढू नका.
– किल्ली तुळशीच्या कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत ठेवू नका. ती जागा चोरांनाही पाठ असते.
– मागच्या दाराशी दिवा लावा. उजेडाइतका स्वस्त राखणदार नाही.
– गावाला जाताना शेजारच्या वहिनींना सांगा. दारात साचलेली वर्तमानपत्रं घर रिकामं असल्याची दवंडी पिटतात.
– रात्री खटका ऐकू आला, तर बाहेर धावू नका. दिवे लावा, मोठ्यानं हाका मारा, ११२ ला फोन करा. चोराला पळायला वाट मोकळी ठेवा. कोंडीत सापडलेलं माणूस जास्त घातक असतं.

आणि पोर आपलंच असलं तर?

हा प्रश्न आपल्याला नकोसा वाटतो. पण दुसऱ्याची काच फोडणारी पोरं आभाळातून पडत नाहीत, कुणाच्या तरी घरातूनच निघतात. तक्रार घेऊन आलेल्या बाईवर, ‘‘आमचा तसा नाही हो,’’ म्हणून उलट धावून जाऊ नका. तिच्यासमोर त्याला बडवूही नका. त्यानं मार खाल्ला की त्याच्या लेखी हिशेब फिटतो, काच मात्र फुटकीच राहते. त्याला घेऊन त्या घरी जा. माफी त्यानं स्वतःच्या तोंडानं मागू दे. काचेचे पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून महिना महिना कापा. फुटक्या काचा त्यालाच वेचू द्या.

दुसऱ्याच्या दारात आपलं पोर सापडलं, तर त्या घरच्या बाईनं कसं वागावं, असं आपल्याला वाटेल? तिनं दार लावून घ्यावं, पोलिसांना आणि आपल्याला बोलवावं, हवं तेवढं रागवावं. पण त्याला गर्दीच्या हवाली करू नये. आपल्या दारात दुसरीचं पोर सापडेल, तेव्हा एवढं आपणही करायला हवं.