पेलिऑन पर्वतावरचा गुरू

ट्रॉयच्या रणांगणावर युरिपिलसच्या मांडीत बाण रुतलाय. ग्रीकांचा वैद्य माखाऑन स्वतःच जखमी होऊन पडलेला. युरिपिलस पॅट्रोक्लसला विनवतो, की अकिलीसनं तुला शिकवलेली औषधं लाव; त्याला ती कायरॉननं शिकवली आहेत. पॅट्रोक्लस सुरीनं बाण काढतो, कोमट पाण्यानं रक्त धुतो, एक कडू मुळी हातानं चुरडून जखमेवर दाबतो. कळ थांबते, रक्त थांबतं. ‘इलियड’चा अकरावा सर्ग इथं संपतो.

कायरॉन या लढाईत कुठंच नाही. आहे ती त्याची विद्या, शिष्याच्या शिष्याच्या हातात.

कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा, असे नरतुरंग (सेंटॉर) ग्रीक कथांत बहुधा दारू पिऊन दंगा करताना भेटतात. एका लग्नात तर त्यांनी नवरीलाच पळवायचा प्रयत्न केला. कायरॉनही नरतुरंगच, पण त्याचं कूळ निराळं. तो क्रोनस आणि फिलिरा यांचा मुलगा, म्हणजे झ्यूसचा सावत्र भाऊ. फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात इसवी सन पूर्व 570च्या सुमाराचा फ्रांस्वा कलश आहे. त्यावर अकिलीसच्या आईवडिलांच्या, पेलेउस आणि थेटिसच्या लग्नाला देवांची मिरवणूक निघाली आहे आणि वस्त्र ल्यालेला कायरॉन अगदी पुढं आहे. त्याचे पुढचे पायही माणसाचे काढलेत. चित्रकार क्लेइटियासला त्याच्यातला माणूस ठळक करायचा होता, हे उघड आहे.

थेसलीतल्या पेलिऑन पर्वतावरची त्याची गुहा म्हणजे गुरुकुलच. अकिलीस, जेसन, वैद्यकाचा देव मानला गेलेला अस्क्लेपियस हे सगळे तिथले विद्यार्थी. शिकार, औषधी वनस्पती, संगीत असं सगळंच तिथं शिकवलं जाई. हर्क्युलेनियमच्या एका भित्तिचित्रात, जे आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, तो छोट्या अकिलीसला मागून कवेत घेऊन लायर वाजवायला शिकवतोय.

त्याचा अंत मात्र जिवाला चटका लावतो. हर्क्युलिसचा, हायड्राच्या विषात बुडवलेला बाण दुसऱ्या नरतुरंगाचा दंड भेदून कायरॉनच्या गुडघ्यात घुसला. हर्क्युलिसनं धावत येऊन तो उपसला आणि कायरॉननंच दिलेलं औषध लावलं. उपयोग झाला नाही. अमर असल्यानं त्याला मरणही येईना. शेवटी त्यानं अमरत्व सोडलं आणि मगच त्याची सुटका झाली.

रोमन लेखक सेल्ससच्या वैद्यकग्रंथात सहजी न भरणाऱ्या एका व्रणाला कायरॉनचं नाव आहे. प्लिनीनं मात्र सेंटॉरी नावाच्या वनस्पतीनं त्याची जखम बरी झाल्याचं लिहिलंय. आज सेंटॉरी म्हणून ओळखली जाणारी कडू वनस्पती आपल्या काडेचिराइताच्याच कुळातली. विसाव्या शतकात कार्ल युंगनं ‘जखमी वैद्य’ ही कल्पना मांडताना त्याचीच आठवण काढली. ती कल्पना इतकी गाजली, की कायरॉन म्हटलं की आता जखमच आधी आठवते. त्यानं घडवलेली माणसं मागं पडतात, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे.

1977मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स कोवाल यांना शनी आणि युरेनसच्या दरम्यान फिरणारा एक छोटा पिंड दिसला. त्याला कायरॉन हे नाव मिळालं. पुढं तसे आणखी पिंड सापडत गेले आणि त्या साऱ्यांना ‘सेंटॉर’ म्हणू लागले. त्यातल्या सर्वांत मोठ्या ज्ञात पिंडाला कायरॉनच्या बायकोचं, कॅरिक्लोचं नाव आहे. सुमारे अडीचशे किलोमीटर व्यासाच्या या पिंडाभोवती दोन कडी आहेत. एका ताऱ्यासमोरून तो सरकताना ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावला, त्यावरून 2013मध्ये ती उघडकीला आली.