प्लिमथचा रियाज

हैदराबादेत जुन्या मोटारी पाहावयाच्या म्हटल्या तर दोन जागा सर्वांना ठाऊक आहेत. पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयात रोल्स रॉईस आणि जॅग्वार यांच्या शेजारी एक अमेरिकन पॅकार्ड ठेवलेली आहे. आणि चौमहल्ल्यात ती प्रसिद्ध पिवळी रोल्स रॉईस आहे. या पिवळ्या गाडीची मागणी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दीत गेली. १९११ साली ते निवर्तले, आणि गाडी आली ती मीर उस्मान अली खान यांच्या अमदानीत. पुढे ती इतकी थोडी फिरली की तिच्या मैलमापकावर पुरते चारशे मैलही नाहीत, असे सांगतात. पाहणारे तिच्यापुढे थबकतात, कौतुक करतात आणि पुढे जातात.

या दोन जागांखेरीज आपल्या शहरात जुन्या मोटारींची आणखी एक जात आहे. त्या काचेआड नाहीत. त्या घरच्या फाटकातून बाहेर पडतात, पेट्रोल भरतात, पावसात भिजतात आणि संध्याकाळी घरी परततात. त्यांपैकी एक आमच्या काचीगुड्याच्या घरी आहे, म्हणून चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे. धंद्याने मी संगीतशिक्षक आहे, मोटारींचा जाणकार नव्हे. पण एखादी वस्तू मूळ स्वरूपात टिकवायची म्हणजे काय करायचे, हा प्रश्न गाण्याच्या धंद्यातही रोजचाच आहे.

आमची गाडी १९४८ ची प्लिमथ. अमेरिकन खरी, पण जोडणी कुर्ल्याची. तिचा इतिहास आपल्याला परका नाही. हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात असा ध्यास घेणाऱ्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या एक होते. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर हैदराबादेस सल्ला देण्यास आले ते हेच. १९२० साली पुरा झालेला उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, ही त्यांच्याच योजनेची देणगी. मोटारीच्या कारखान्याची त्यांची कल्पना उचलली ती सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी. वालचंदांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. परकी सरकारची साथ नाही आणि युद्ध पेटलेले, अशा दिवसांत वाट पाहत १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग अमेरिकेहून पेट्यांतून येत आणि येथले कामगार ते जोडीत. डॉज, डिसोटो आणि प्लिमथ ही क्रायस्लरची नावे अशी आपल्याकडे रुळली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मात्र १९५४ च्या सुमारास येथला गाशा गुंडाळला, कारण नुसती जोडणी न करता भागही येथेच बनवा, असा नव्या सरकारचा आग्रह होता.

आमच्याकडे ही गाडी कशी आली, ते थोडक्यात सांगतो. माझे वडील, अण्णा, दरबारी गवई. विशीच्या आतच ते आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसत. १९४८ साली दरबाराचे दिवस सरले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. पण काही देवड्यांतून गाण्याच्या शिकवण्या पुढेही बरीच वर्षे चालल्या. अशाच एका देवडीत बिदागी थकत गेली. मालक सज्जन, पैसे नव्हते, पण बाकी ठेवणे त्यांना मानवेना. त्यांनी प्लिमथची किल्ली अण्णांच्या हाती दिली. मी अण्णांचे उतारवयातील अपत्य, त्यामुळे मला कळू लागले तेव्हा गाडी जुनी झालेलीच होती. अण्णांनी तिला मिरवण्याचे वाहन कधी मानले नाही. शिकवणीस जायचे तर तीच, भाजी आणायची तर तीच.

आता तिच्या पोटात काय आहे ते पाहू. एका ओळीत सहा सिलिंडर, झडपा बाजूला, वरचे झाकण सपाट. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली, पुढचे गिअर तीनच. वीज सहा व्होल्टांची. आजच्या मोटारी बारा व्होल्टांच्या. शिवाय बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले, म्हणजे आजच्या रीतीच्या नेमके उलट. डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांचे आटेही उलटे. पंक्चरच्या दुकानातला पोरगा सवयीने जोर लावतो आणि बोल्टच तुटतो. म्हणून पाना लागण्यापूर्वी मी शेजारी उभा राहून सांगतो. सिलिंडर पेटण्याचा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. दादऱ्यासारख्या सहा मात्रा. त्यांतील एक गळली की कानाला तत्काळ कळते. विद्यार्थ्याची मात्रा चुकावी तसेच ते.

या इंजिनाची एक खोड जाणून घेण्यासारखी आहे. पाण्याच्या पंपामागे, इंजिनाच्या ठोकळ्याच्या आत, पत्र्याची एक लांब नळी असते. मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी पोचवणे हे तिचे काम. ती बाहेरून दिसत नाही. गंजून फाटली की पुढले सिलिंडर थंड राहतात आणि मागले भाजून निघतात. लोक रेडिएटर धुतात, पंखा बदलतात, उन्हाळ्याला दोष देतात. दुखणे मात्र आतच राहते. आमच्या नळीचे निदान मुशीराबादेच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींनी इंजिनास हात लावून केले. पुढचा भाग सोसवतो, मागचा सोसवत नाही, एवढ्यावरून. हैदराबादेत अशा माणसाला उस्ताद म्हणतात आणि त्याच्या हाताखालच्या पोराला शागिर्द. शब्द तेच, जे गाण्याच्या बैठकीत असतात. आणि मला वाटते, उगाच नव्हेत.

उस्तादांचा सिद्धांत एका वाक्याचा आहे : “मास्टरसाब, चलाते रहो, खडी रखे तो मर जाती.” हे नुसते प्रेमाचे बोलणे नव्हे, त्यामागे कारणे आहेत. उभ्या गाडीच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते आणि चाकांतील लहान सिलिंडर आतून गंजतात. प्लिमथला १९२८ च्या पहिल्या गाडीपासून चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आहेत, ही तिची थोरवी आणि न चालवल्यास तिचा शाप. बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात, रबरी कड्या सुकून गळू लागतात. इंजिन पुरते तापले तरच वंगणातील ओल उडून जाते. म्हणून जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवणे हे न चालवण्याहूनही वाईट. निदान दहा-पंधरा मैलांचा फेरा पाहिजे. याकरिता दर रविवारी पहाटे आमची गाडी कोठी, मेहदीपट्टणम, लंगरहौज या वाटेने गंडीपेटपर्यंत जाते. विश्वेश्वरय्यांच्या बांधावर थोडा वारा घेते आणि शहर जागे होण्याच्या आत परतते.

आजच्या पेट्रोलचाही विचार करावा लागतो. त्यातील शिसे देशभर २००० साली बंद झाले. २०२५ पासून तर बहुतेक पंपांवर शेकडा वीस भाग इथेनॉल असलेलेच पेट्रोल मिळते. इथेनॉलने जुन्या तऱ्हेचे रबर फुगते आणि मऊ पडते. पेट्रोलच्या पंपातील पडदा म्हणून आम्ही नव्या रबराचा बसवला. पंपाचे घर मात्र १९४८ चेच. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, तेव्हा पंपावर ओले फडके ठेवण्याचा जुना उपाय आजही चालतो.

येथे ‘मूळ स्वरूप’ या शब्दाचा अर्थ लावावा लागतो. १९७३ नंतर पेट्रोल महाग झाले, तेव्हा कितीतरी अमेरिकन गाड्यांची इंजिने काढून डिझेलची बसवण्यात आली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे पोटासाठी केले, त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण गेल्या वर्षी एक गृहस्थ आमच्याकडे आले. गाडीला वातानुकूल यंत्र आणि नवे इंजिन बसवून लग्नाच्या वराती करायच्या, असा त्यांचा बेत. किंमत त्यांनी अशी सांगितली की घरात दोन दिवस तोच विषय होता. शिक्षकाच्या मिळकतीत ती रक्कम लहान नव्हती. मी नकार दिला. झिजलेला पडदा बदलणे म्हणजे तंबोऱ्याची तार बदलणे. इंजिन बदलणे म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा काढून आत ध्वनिवर्धक ठेवणे. पहिल्याने वाद्य टिकते. दुसऱ्याने उरते ते वाद्याचे सोंग.

परंतु खरी कसोटी सरकारी कागदाची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम केले. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार नसलेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणास ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांकही राखता येतो. जुन्या गाडीला कायद्यात मानाचे स्थान मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याबरोबर एक अट आहे : अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, शर्यती-मेळावे, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांपुरतीच मोकळीक.

अटीमागचा हेतू मी समजू शकतो. धूर आणि अपघात यांची काळजी सरकारने नाही करायची तर कोणी? तरीही नियम एका हाताने मूळ स्वरूप मागतो आणि दुसऱ्या हाताने ते टिकवणारा नित्याचा सराव काढून घेतो, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. गवयाला ‘दरबारी’ पदवी द्यावी आणि रियाजास बंदी करावी, तसे हे झाले. ज्या गाड्या चालत आल्या, त्यांच्यासाठी महिन्यातून ठरावीक मैलांची तरी सवलत असावी.

पुढील वर्षी आमच्या नोंदणीची मुदत संपते. व्हिंटेजचा मान घ्यावा, की साध्या गाडीप्रमाणे तपासणीस उभे राहून पाच वर्षांचे नूतनीकरण मागावे, यावर बराच विचार केला. तपासणीत दिवे, ब्रेक, धूर सारे पाहतात. सहा व्होल्टांच्या दिव्यांचा उजेड मंद असतो हे मला ठाऊक आहे. तरी दुसराच मार्ग धरायचे ठरले आहे. ती नापास झाली तर उणीव काढून पुन्हा उभी करू.

काळजी वाटते ती माणसांची. उस्तादांनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांचे दोन्ही शागिर्द आता संगणकाने दुरुस्त होणाऱ्या गाड्यांवर काम करतात. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा कान पुस्तकातून येत नाही. म्हणून अलीकडे रविवारच्या फेऱ्यानंतर एका शागिर्दास मुद्दाम बोलावतो. उस्ताद खुर्चीवर बसतात, तो झाडणी-जुळणी करतो, मी चहा सांगतो. महिन्यापूर्वी त्याने डोळे मिटून तिसरा सिलिंडर गळतो आहे हे ओळखले. उस्ताद काही बोलले नाहीत, नुसती मान डोलावली.

आपल्या जुन्या घरांपैकी काहींच्या कोठारात कापडाखाली अशी एखादी गाडी असेल. विकण्यापूर्वी किंवा दिवाणखान्याची शोभा करण्यापूर्वी एकदा एखाद्या वृद्ध मिस्त्रीस बोलावून दाखवावी. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, ब्रेकचे तेल बदलावे, आणि इंजिन सुरू करण्याआधी ते हाताने दोन फेरे फिरते का ते पाहावे. फिरले, तर अजून वेळ गेलेली नाही.