खेळ सर्वांचा, मेहनत ज्याची त्याची

विद्यार्थी मित्रांनो, लुडो तुम्ही नक्कीच खेळला असाल. हा खेळ आपल्या देशातील जुन्या पचिसीवरून तयार झाला. 2016 साली नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने 'लुडो किंग' या नावाने तो मोबाइलवर आणला. मोबाइलवर लुडोचे इतरही अनेक खेळ आहेत. मग याला नक्कल म्हणायचे का?

आपल्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण कोणताही कारागीर घडवू शकतो. पण एकाने कष्टाने काढलेली नवी नक्षी दुसऱ्याने जशीच्या तशी उचलली, तर पहिल्याच्या मेहनतीचे काय? खेळांचेही तसेच आहे.

भारतात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. कॉपीराइट म्हणजे स्वतःच्या निर्मितीवरचा हक्क. लेख, चित्र, संगीत, संगणकाचा प्रोग्राम यांना तो मिळतो. नुसत्या कल्पनेला मिळत नाही. 1978 साली एका नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. म्हणून फासा टाकून सोंगटी घरी नेण्याचा नियम सर्वांचा आहे. 'लुडो किंग'ची चित्रे आणि प्रोग्राम मात्र कोणालाही उचलता येत नाहीत.

तरीही वाद होतातच. कोलकात्याच्या दोन भावांनी 'स्क्रॅबल' या शब्दखेळासारखा 'स्क्रॅब्युलस' हा खेळ इंटरनेटवर आणला. मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. 2008 साली न्यायालयाने अंतरिम आदेशात कॉपीराइटचा मुद्दा मान्य केला नाही. पण मिळतेजुळते नाव वापरण्यास मनाई केली. पुढे तो खेळ 'लेक्स्युलस' या नावाने चालू राहिला.

अमेरिकेत याउलट घडले. ठोकळे रचण्याचा 'टेट्रिस' हा खेळ अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी 1984 साली मॉस्कोत तयार केला. एका कंपनीने आयफोनसाठी हुबेहूब तसाच 'मिनो' हा खेळ काढला. आपण फक्त नियम घेतले, असे तिचे म्हणणे होते. 2012 साली न्यायालयाने सांगितले, की नियम घेता येतात. पण ठोकळ्यांचे आकार, रंग, पटाची मापे असे सगळे रूपच घेता येत नाही. ती कंपनी खटला हरली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कोणी खेळ तयार करील. जुन्या खेळावरून कल्पना जरूर घ्या. ती वाट बंद झाली, तर नवे खेळ निघणारच नाहीत. पण नाव, चित्रे आणि प्रोग्राम तुमचे स्वतःचे असू द्या. दुसऱ्याच्या मेहनतीचा मान राखला, तरच आपल्या मेहनतीवर हक्क सांगता येतो.

स्वाध्याय
1. कॉपीराइट कशाला मिळतो व कशाला मिळत नाही?
2. 'स्क्रॅब्युलस' आणि 'मिनो' यांच्या निकालांत कोणता फरक आहे?